उंदीर बघायला मादागास्करला

“मावशी, उंदीरच बघायचा होता तर आपल्या बोळात काय कमी होते?”

हा प्रश्न भाच्याने पहिल्यांदा मॉरिशसच्या विमानतळावर विचारला. मग अंतानानारिवोत, म्हणजे मादागास्करच्या राजधानीत, गाडी ठरवताना विचारला. पुढचे दोन दिवस तर तो दर मोठ्या खड्ड्यानंतर विचारत होता, आणि त्या रस्त्याला खड्ड्यांची ददात नव्हती.

चूक माझीच. भाचा मॉरिशसला नोकरीला. त्याच्याकडे महिनाभर राहायला गेले होते आणि शेजारचं बेट बघून येऊ अशी टूम मीच काढली. त्याने लेमूर, बाओबाब, समुद्रकिनारा अशी व्यवस्थित आखणी केली. मी कागदाच्या तळाशी एक ओळ वाढवली : ‘उंदीर – दोन रात्री’. डोंगर पोखरून उंदीर काढणारे लोक त्याला माहीत होते. उंदरासाठी सातशे किलोमीटर हाडं खिळखिळी करून घेणारी मावशी तो पहिल्यांदाच बघत होता.

हे खूळ जुनं आहे. फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत मला कधीतरी जेराल्ड डरेल यांचं ‘द आय-आय अँड आय’ मिळालं होतं. 1990 साली हे गृहस्थ आय-आय नावाच्या विचित्र लेमूरच्या मागावर मादागास्करला गेले, आणि त्याच फेरीत पश्चिमेच्या जंगलातल्या एका जातीचे थोडे उंदीरही जर्सी बेटावर घेऊन आले, आपल्या प्राणिसंग्रहालयात त्यांची पैदास करायला. सशाएवढा उंदीर, कान सशासारखे, आणि साऱ्या जगात फक्त एका जंगलपट्ट्यात राहणारा. तेव्हापासून तो माझ्या डोक्यात बीळ करून बसला होता.

शास्त्राला त्याची ओळख 1869 मध्ये झाली. आल्फ्रेद ग्रांदिदिए नावाच्या फ्रेंच प्रवाशाने त्याला ‘हायपोजिओमिस अँटिमेना’ असं नाव दिलं. यातला ‘हायपोजिओ’ म्हणजे जमिनीखालचा आणि ‘मिस’ म्हणजे उंदीर. ग्रीकांचा हा ‘मिस’ आणि आपला ‘मूषक’ एकाच मुळाचे शब्द, एवढं भाषावाले सांगतात. आपल्याकडे मूषकाचा संबंध ‘मुष्’ म्हणजे चोरणे या धातूशी लावतात, म्हणजे उंदीर हा नावापासूनच चोर. या जमिनीखालच्या मूषकाने मात्र आजवर कुणाच्या कणगीला तोंड लावलेलं नाही, कारण तो गावात येतच नाही. पश्चिमेच्या मेनाबे भागातले लोक त्याला ‘वुत्सुत्सा’ म्हणतात. लिहिताना ‘ओ’ लिहायचा आणि म्हणताना ‘उ’ म्हणायचा, अशी मालागासी भाषेची रीत. नकाशावरचं मोरोंडावा गावही तिथल्या माणसाच्या तोंडी मुरुंदावा होतं.

त्या मोरोंडावाला पोचेपर्यंतचे दोन दिवस मला घरचेच वाटले. डोंगरउतारावर भातखाचरं, रस्त्यात वशिंडाचे बैल आणि बैलगाड्या. जेवायला तिन्हीत्रिकाळ भात. जेवण झालं की समोर पेल्यात पिवळसर गरम पाणी येतं. पहिल्या दिवशी मला तो कोरा चहा वाटला. प्यायले, तर करपलेल्या भाताची चव! भात काढून घेतल्यावर पातेल्याला जी खरवड राहते तिच्यावरच पाणी ओतून उकळायचं. नाव ‘रानुव्हुला’, अर्थ चांदीचं किंवा सोन्याचं पाणी, सांगणाऱ्याप्रमाणे बदलतो. माझी आई खरवड आम्हा पोरांना वाटून द्यायची आणि पातेलं भिजत घालायची. एक पायरी पुढे जाऊन ते पाणी प्यावं हे आपल्याला सुचलं नाही. भाचा म्हणाला, “बरं झालं.”

मोरोंडावाच्या उत्तरेला लाल मातीचा रस्ता लागतो आणि बाओबाबांची ती प्रसिद्ध दुतर्फा रांग. फोटोत पाहून पाहून गुळगुळीत झालेली जागा आहे, तरी खाली उभं राहिलं की मान दुखेपर्यंत वर बघावंच लागतं. आपल्याकडची गोरखचिंच हा याचाच भाऊबंद. ती आफ्रिकेतून कुणी कधीकाळी आपल्या किनाऱ्यावर आणून लावली. आपली गोरखचिंच बुंध्याने पसरते. ही झाडं सरळ खांबासारखी चढतात आणि अगदी डोक्यावर चार फांद्या काढतात. यांच्याही नावात तेच ग्रांदिदिए आहेत. मला मात्र संध्याकाळच्या आत किरिंडीला, त्या उंदराच्या जंगलात, पोचायचं होतं, म्हणून सूर्यास्तासाठी थांबलेल्या पन्नास कॅमेऱ्यांना तिथेच सोडून आम्ही निघालो. भाचा अजूनही मला त्याबद्दल माफ करत नाही.

किरिंडीचं जंगल मोरोंडावापासून साठेक किलोमीटरवर. कोकणातला माणूस जंगल म्हणजे जे समजतो ते इथे नाही. पाऊस डिसेंबर ते मार्च, उरलेले आठ महिने जवळजवळ कोरडे. आम्ही गेलो ऑक्टोबरच्या शेवटी. झाडांवर पान नाही, पायाखाली वाळू, वाळूवर घोट्याएवढा पाचोळा. नदी म्हणून जी दाखवली तीही वाळूच. वैशाखातलं विदर्भाचं रान आठवा आणि त्यातून ताडोबाचा वाघ काढून टाका, तसं काहीसं. या जंगलात फार वर्षं अभ्यास चालू आहे. गटिंगनच्या जर्मन वानरशास्त्र केंद्राचं संशोधन ठाणं 1993 पासून इथे आहे, आणि वुत्सुत्साच्या संसाराबद्दल आज जे ठाऊक आहे त्यातला मोठा भाग याच वाळूत रात्री जागवून मिळवलेला आहे.

पहिली रात्र फुकट गेली. फुकट म्हणजे उंदराच्या हिशेबाने. वाटाड्याने एका फांदीवर बोट दाखवलं तर तिथे लिंबाएवढा एक जीव डोळे वटारून बसलेला. मादाम बेर्तचा माउस लेमूर, वजन तीसेक ग्रॅम, जगातला सगळ्यांत लहान वानरकुळी प्राणी. भाच्याची तर दिवाळीच झाली. मी मात्र पाचोळ्याकडे कान लावून होते. तासाभरात माझ्या विजेरीचे सेल संपले. जादा सेल बॅगेत आणि बॅग खोलीत. पुढचा दीड तास मी भाच्याच्या शर्टाचं टोक धरून चालले. लहानपणी तो माझ्या पदराला धरून चालायचा, त्याची परतफेड झाली म्हणायची.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुक्कामाच्या स्वयंपाकघरामागे एक लांबलचक तपकिरी जनावर सावलीत आडवं पडलेलं दिसलं. मुंगसाचं कुळ, मांजराची चाल, कुत्र्याचं थोबाड, आणि अंगाएवढीच शेपूट. हा फोसा. या बेटावरचा सगळ्यांत मोठा शिकारी. खरकट्याच्या आशेने इथे येऊन लोळतो. वाटाड्या त्याला वळसा घालून गेला, आम्हीही गेलो. “याच्या पोटात तुमचे बरेच उंदीर गेलेत, मदाम,” तो म्हणाला. तो फ्रेंचमध्ये बोलायचा आणि भाचा मला मराठीत सांगायचा. फोसा वुत्सुत्साला जमिनीवर गाठतो, आणि दुसरा वैरी थेट घरात शिरतो. तो म्हणजे इथला बिनविषारी, जाडजूड बोआ साप. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण आपण जागा बळकावणाऱ्या पाहुण्याबद्दल वापरतो. इथे ती जशीच्या तशी खरी आहे, फक्त हा नागोबा बिळाबरोबर बिळाच्या मालकालाही घेतो.

त्यावर वुत्सुत्साने काढलेला उपाय वाटाड्याने आम्हाला उन्हातच दाखवला. पायवाटेपासून वीस पावलांवर पाचोळ्यात एक उंचवटा. जवळ गेल्यावर कळलं, हे बिळाचं तोंड आहे, हात दीड हात रुंद. पण भोक कुठेच नाही. आतून माती आणि पानं दाबून ते नीट बुजवलेलं. दगडी गिलाव्यासारखं नव्हे, पण एखादी बाई पातेल्यावर झाकण ठेवून कडेने कणीक लिंपते तसं. थोड्या अंतरावर दुसरं तोंड, तेही बंद. एका बिळाला अशी सहापर्यंत दारं असतात आणि आतली भुयारं पाच मीटरपर्यंत जातात.

“घरात आहेत,” वाटाड्या म्हणाला. “दार लावून झोपलेत.”

“बाहेर गेले असतील तर?”

“मग दार उघडं दिसलं असतं.”

हे उत्तर इतकं सरळ होतं की पुढे विचारण्यासारखं काही राहिलं नाही.

अंधार पडायच्या आधीच आम्ही त्या उंचवट्यापासून दहा पावलांवर येऊन बसलो. विजेरीला लाल कागद, बोलायचं नाही, डास मारायचा नाही. असं बसलं की माणूस मनातल्या मनात फार लांब जातो. मी गेले पणजीपर्यंत.

पणजीला मी पाहिलं नाही, तिची गोष्ट आजीकडून ऐकली. ‘घरात उंदीर पडला’ एवढे तीनच शब्द, आणि अख्खं बिऱ्हाड गावाबाहेर झोपडीत. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला, मग पुण्यात. 1897 चं ते रँडचं प्रकरण शाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केलंय. मला जे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं ते अंतानानारिवोत कळलं. तोच प्लेग भारतातून निघालेल्या आगबोटींतून 1898 मध्ये या बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, तोआमासिना बंदरात उतरला आणि तेव्हापासून इथून गेलेलाच नाही. दरवर्षी माणसं आजारी पडतात. 2017 मध्ये तर शहरांत मोठी साथ आली होती. प्लेग वाहणारा काळा उंदीरही मूळचा या बेटाचा नव्हे. त्याचं मूळ घर आपल्या बाजूला, आणि इथे तो जहाजांतून फार पूर्वीच येऊन राहिलेला. आपल्या दर्यावर्दी शेजारधर्माची ही एक बाजू कुणी फारशी सांगत नाही.

म्हणजे या जंगलाबाहेर जो उंदीर आहे तो आपला आहे, आणि ज्याच्यासाठी मी डास चावून घेत होते तो अस्सल इथला. मादागास्कर आणि भारत एकमेकांपासून सुटले साधारण 8 कोटी 80 लाख वर्षांपूर्वी. तेव्हा दोघांच्याही पोटात उंदीर नव्हते. वुत्सुत्साचे पूर्वज त्यानंतर खूप उशिरा, दोन-अडीच कोटी वर्षांपूर्वी, आफ्रिकेकडून वाहत आले असावेत असं मानतात. पुरात उपटलेल्या झाडोऱ्यावर बसून आले असतील. आले तर इथे ससा नव्हता. सशाची जागा रिकामी होती, ती यांच्यातल्या एकाने घेतली.

माती हलली.

आधी मला वाटलं, माझ्याच डोळ्यांना मुंग्या आल्या. मग झाकणातलं एक पान उभं राहिलं आणि आडवं झालं. आतून कुणीतरी ढकलत होतं. सावकाश. ढकलायचं, थांबायचं, पुन्हा ढकलायचं. थांबणं ढकलण्यापेक्षा जास्त. माती दोन्ही बाजूंना सरकली आणि भोकात आधी मिशा दिसल्या. मग नाक. मग बराच वेळ काहीच नाही. नाक तेवढं हलत होतं. भाच्याचा हात माझ्या मनगटावर घट्ट झाला होता.

मग तो बाहेर आला. मी ससा म्हणणार होते. ससाच म्हणावा असे कान, उभे, बोटाएवढे लांब, आतून गुलाबी आणि केस विरळ. पाठ राखट तपकिरी, डोकं जरा गडद, पोट पांढरं, पाय पांढरे, जणू पायमोजे घातलेत. मागचे पाय लांब. पण मागून शेपूट बाहेर आली आणि सगळा ससा संपला. जाड, काळपट, आखूड राठ केसांची, टेकून बसायला घेतलेल्या काठीसारखी. अंग हातभरापेक्षा थोडं कमी, वजन सव्वा किलोच्या आसपास. आपली घूस एवढी होते, पण घूस बघून आपण पाय वर घेतो. याच्याकडे बघून मी पुढे वाकले.

त्याच्यामागून ती आली. कोण नर, कोण मादी, हे मला कळण्यासारखं नव्हतं, वाटाड्याने बोटांनी खुणावलं. ती बाहेर आली तशी तिने दाराकडे पाठ केली आणि मागच्या पायांनी माती लोटायला लागली. दार लावत होती! आत कुणीतरी असणार. मागच्या पावसाळ्यातलं लेकरू, किंवा त्याच्या आधीच्या वर्षीची मुलगी.

आता हे घर कसं चालतं ते सांगायला हवं, कारण खरं नवल इथे आहे. उंदीर म्हटला की आपल्या तोंडी ‘वीण’ हा शब्द येतो. घरातली उंदरीण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्लं, आणि वर्षात पुन्हा पुन्हा. वुत्सुत्साचं तसं नाही. नर-मादीची जोडी एकदा जमली की दोघांतलं एक मरेपर्यंत टिकते. सस्तन प्राण्यांत ही गोष्ट विरळा आणि उंदरांच्या कुळात तर फारच. गर्भ साडेतीन ते साडेचार महिने राहतो. पिल्लू पावसाळ्यात जन्मतं आणि बहुधा एकच असतं, क्वचित दोन. चार-सहा आठवडे ते बिळाबाहेर तोंड काढत नाही. मुलगा वर्षभराने घर सोडून स्वतःची जागा शोधायला निघतो. मुलगी दोन वर्षांची होईपर्यंत वयात येत नाही, तोवर आईबापांकडे राहते. पिल्लू बाहेर फिरायला लागलं की बाप त्याच्या मागे मागे असतो आणि असा पहारा करताना स्वतःच फोसाच्या तोंडी जाण्याचा धोका वाढवून घेतो. नर गेला तर विधवा ते बीळ सोडत नाही. नवा नर तिथे येतो. कधीकधी तर वयाने लहान नर वडीलधाऱ्या विधवेच्या घरी येऊन राहतो. हे मी भाच्याला नंतर सांगितलं तर तो म्हणाला, “घरजावई!” आत्ता कुठे त्याला उंदरात रस वाटायला लागला होता.

तर तो समोरचा नर पाचोळ्यात नाक खुपसून काहीतरी शोधत होता. पानं उलटल्याचा आवाज त्या शांततेत पापड मोडल्यासारखा येत होता. गळालेलं फळ त्याला मिळालं. ते पुढच्या दोन्ही पंज्यांत धरून, बूड टेकून, तो खायला बसला. गोल गोल फिरवत खात होता. फळं, बिया, पानं, साल, जमिनीतली कंदमुळं, असलं सगळं त्याला चालतं. मधूनच खायचं थांबे, कान फिरवी, पुन्हा सुरू. मी मोजलं नाही, पण सात-आठ मिनिटं तरी तो आमच्या समोर होता. एवढ्यात लांबवर कुठेतरी काटकी मोडली. नर जागच्या जागी उडाला. सरळ वर, माझ्या कमरेइतका. खाली आला तो दुसऱ्या दिशेला तोंड करून, आणि दोन उड्यांत लाल उजेडाच्या बाहेर. ती कुठे गेली ते दिसलंच नाही. फळ तसंच पाचोळ्यावर पडलेलं. त्यावर त्याच्या दातांचे दोन खोल, शेजारी शेजारी ओरखडे होते.

“फोसा?” मी कुजबुजत विचारलं.

वाटाड्याने खांदे उडवले. “कुत्रंही असेल, मदाम. आता गावची कुत्रीपण येतात.”

परतीच्या सकाळी तो गाडीत आमच्याबरोबर मोरोंडावापर्यंत आला. किरिंडीच्या हद्दीबाहेर पडलो आणि धूर दिसला. रस्त्याच्या उजव्या हाताला जंगल जिथे असायला हवं तिथे काळी जमीन, अर्धवट जळलेले बुंधे, आणि मधोमध एक बाओबाब, जाळूनही न पडलेला. अशा शेतीला इथे ‘हात्साके’ म्हणतात. रान तोडायचं, जाळायचं, पाऊस आला की राखेत मका किंवा भुईमूग पेरायचा. दोन-तीन वर्षं पीक येतं, मग तण माजतं, जमीन दमते, आणि माणूस पुढचं रान तोडतो. कोकणातल्या म्हाताऱ्यांना कुमरी आठवेल.

जाळणाऱ्यांना शिव्या घालणं सोपं आहे. मला जमलं नाही. त्या काळ्या जमिनीत एक बाई आणि तिची दोन मुलं जळक्या काटक्या वेचून ढीग करत होती. पाण्याचा पिवळा कॅन बुंध्याच्या सावलीत ठेवलेला. वाटाड्या म्हणाला, ही दक्षिणेकडची माणसं, आंद्रॉय भागातली, तिकडे सलग दुष्काळ, म्हणून उठून आली. पावसाने पाठ फिरवली की माणूस काय करतो हे मराठवाड्यातल्या वाचकाला मी काय सांगू? मका विकत घेणारे व्यापारी मात्र त्या उन्हात कुठे दिसले नाहीत, आणि माझा राग होता तो त्यांच्यावर. मेनाबे-अँटिमेना नावाने दोन लाख हेक्टरांहून मोठा भाग 2015 पासून संरक्षित आहे. कागदावर त्याची सीमा आहे, धुराला ती ठाऊक नाही.

वुत्सुत्सा जंगल सोडून राहू शकत नाही. त्याला पाचोळा हवा, पोखरता येईल अशी वाळूची माती हवी, आणि झाडांवरून खाली पडणारं फळ हवं. मक्याच्या शेतात यातलं काही नाही. तिथे आपला काळा उंदीर मजेत राहतो. एके काळी दक्षिणेतही वुत्सुत्साची जात होती, आणि त्याच्याहून मोठा एक भाऊही होता. त्यांची आता हाडंच सापडतात. हा उरलाय तो मेनाबेत, त्सिरिबिहिना नदीच्या दक्षिणेच्या तुकड्या-तुकड्यांच्या रानात, आणि लाल यादीत त्याच्यापुढे ‘अतिसंकटग्रस्त’ लिहिलेलं आहे. वर्षाला एक पिल्लू देणाऱ्या जोडीने ही खोट भरून काढावी कशी? घरच्या उंदराला पिंजरे लावून आपण शंभर वर्षं थकलो, कारण त्याची वीण आपल्या पिंजऱ्यांपेक्षा वेगाने चालते. याला संपवायला कुणी पिंजरासुद्धा लावलेला नाही, आणि तरी तो संपत चाललाय.

भाच्याने त्या दिवशी तो प्रश्न विचारला नाही. मोरोंडावाला जेवताना त्याने रानुव्हुलाचा पेला मात्र माझ्याकडे सरकवला.

कुणाला जायचं झालं तर मे ते नोव्हेंबर या कोरड्या महिन्यांत जावं. पावसात तो रस्ता चिखलात जातो. वाटाड्या तिथलाच घ्यावा आणि घासाघीस करू नये, कारण उभं जंगल पैसे देतं हे त्या गावांना दिसण्याचा तोच एक मार्ग आहे. विजेरीचे जादा सेल खिशात ठेवावेत, बॅगेत नव्हे. आणि रात्री दोन तरी राखून ठेवाव्यात. पहिल्या रात्री वुत्सुत्सा दिसेलच असं नाही.